जुना टीव्ही न फेकता फ्री डिश लावायची कशी, कोल्हापूरकरांसाठी

आत्याचा टीव्ही म्हणजे मागं पोट असलेला २१ इंची डबा, रिमोटला रबर बँड, आणि वरती क्रोशाचं कव्हर. केबलचं बिल वाढत चाललंय आणि ती बघते काय तर सह्याद्री, बातम्या, दुपारचा एखादा जुना पिक्चर, म्हणून म्हणाली अरे हे काढून ते फुकटवालं, म्हणजे दूरदर्शनची फ्री डिश, लावून दे की. मला वाटलं तासाभराचं काम आहे. सकाळी नऊला तिच्या मंगळवार पेठेतल्या गच्चीवर चढलो ते दुपारी दोनला उतरलो, मान भाजलेली, आणि खालनं दर दहा मिनिटाला "आलं काय रे?" ही हाक. त्या पाच तासात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या, त्यामुळं आता दुसऱ्याला सांगायला मी लायक झालोय असं समजा.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण हा प्रश्न मला गल्लीतच तिघांनी विचारला. गच्चीवर जुना काड्यांचा अँटेना अजून उभा आहे, त्यालाच नवीन बॉक्स जोडला की डिजिटल दिसेल का? नाही दिसणार भावा. त्या अँटेनाला पकडायला आपल्याकडं हवेत आता टीव्हीचं काही नाहीच. दूरदर्शननं अँटेनावर दिसणारं डिजिटल प्रसारण २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू केलं, पण ते १६ शहरांत, त्यात महाराष्ट्रातली मुंबई आणि औरंगाबाद. कोल्हापूर त्यात नव्हतं. आणि जुने ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ च्या मार्चपर्यंत बंद करायचे असं प्रसार भारतीनं (दूरदर्शन चालवणारी संस्था) ठरवलं, मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून. म्हणजे तो अँटेना आता कावळ्याला बसायला आणि पतंगाचा मांजा अडकायला. पाईप मात्र काढू नका, डिशला कामाला येतो.

बाकीच्या कितीतरी देशांत डिजिटल होणं म्हणजे अँटेना तोच आणि बॉक्स नवा असं झालं. आपल्याकडं लोक त्याच्या आधीच केबलवर गेले होते, त्यामुळं सरकारनं केबलच बदलायला लावली. २०११ ला कायदा बदलला आणि टप्पे पाडले, २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबई दिल्लीसारखी चार महानगरं, २०१३ च्या मार्चअखेर दहा लाखांच्या वरची शहरं, त्यात पुणं सोलापूर वगैरे गेलं. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखाच्या आसपास, म्हणून आपण तिसऱ्या टप्प्यात. त्याची मुदत होती २०१५ ची ३१ डिसेंबर, मग कोर्टकचेऱ्या, मग मुदतवाढ, असं करत करत ३१ जानेवारी २०१७ उजाडलं. तेव्हाची धावपळ आठवत असेल, बॉक्स घेतला नाही तर टीव्ही काळा पडणार म्हणून लोक केबलवाल्याच्या मागं लागलेले. यात सरकारचा आणि चॅनलवाल्यांचा सरळ हिशोब होता. ॲनालॉग केबलमध्ये एका चॅनलला जेवढी जागा लागायची तेवढ्यात डिजिटलची आठ-दहा बसतात, आणि दुसरं म्हणजे केबलवाल्याची खरी घरं किती हे कुणालाच कळत नव्हतं, बॉक्स आला की आकडा आपोआप वर जातो.

बरं, आता मुद्द्याचं. डिश आणायच्या आधी घरात बसून विचारा की कोण काय बघतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण फुकट म्हटल्यावर लोक उड्या मारत आणतात आणि मग संध्याकाळी सात वाजता घरात महाभारत सुरू होतं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी ही पैसे भरून बघायची चॅनल आहेत, फ्री डिशवर नाहीत. आई रोज रात्रीची ठरलेली सिरीयल बघत असेल तर फ्री डिश लावू नका, मार खाल. आणि कोल्हापूरकरांसाठी त्याहून मोठी अडचण म्हणजे लोकल केबलचं चॅनल जातं. शाहू स्टेडियमवरची पाटाकडील आणि खंडोबाची फुटबॉल मॅच, नवरात्रात अंबाबाईची पालखी, दसरा चौकातलं सोनं लुटणं, हे ज्यांना घरात बसून लाईव्ह बघायचंय त्यांना केबलच ठेवावी लागणार. माझ्या चुलत भावानं एवढ्या एका कारणासाठी केबल ठेवलीय आणि मला ते पटतं.

उलट क्रिकेटवाल्यांसाठी फ्री डिशमध्ये एक गंमत आहे जी लै जणांना माहीत नाही. २००७ चा एक कायदा आहे, त्यानुसार देशासाठी महत्त्वाच्या ठरवलेल्या मॅचचं प्रसारण खाजगी चॅनलला दूरदर्शनला द्यावं लागतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दूरदर्शननं ते फक्त स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि स्वतःच्या डिशवर दाखवायचं, केबलवर आणि खाजगी डीटीएचवर नाही. म्हणून असं होतं की डीडी स्पोर्ट्स हे एकच चॅनल, पण फ्री डिशवर त्यावर इंडियाची मॅच लागलेली असते आणि शेजारच्या केबलवर त्याच वेळी तिथं दुसरंच काहीतरी.

पैशाचं म्हणाल तर केबलला नुसतं कनेक्शन चालू ठेवायचे महिन्याला १३० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे हा आकडा २०१९ पासून सगळ्यांच्या तोंडात बसला, मग २०२४ ला ती कमाल मर्यादाही काढून टाकली, आणि पे चॅनलचे पैसे वेगळे. फ्री डिशला एकदाच दोनेक हजाराच्या आत-बाहेर खर्च, पुढं महिन्याला शून्य. रिचार्ज नाही, नंबर नाही, कुणी फोन करून "सर आपका पॅक" म्हणत नाही. कुणी फ्री डिशचं रिचार्ज मारून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

सामान काय आणायचं

दोन फुटी म्हणजे ६० सेंटीमीटरची डिश, एलएनबी (डिशच्या पुढं दांड्यावर बसतो तो सिग्नल पकडणारा डबा), आरजी-६ म्हणजे डिशची गोल वायर लागेल तेवढी अधिक दोन मीटर, वायरीच्या टोकांना लावायचे एफ कनेक्टर चार (लागतात दोन, पण पहिले दोन वाया जाणार), बॉक्स, पाने, आणि पाणी न शिरणारी काळी टेप. घरात कुठल्यातरी कंपनीची जुनी बंद पडलेली डीटीएचची डिश असेल तर पत्रा तोच वापरा, चांगला असतो, फक्त एलएनबी नवीन घ्या. ती वस्तू स्वस्त आहे आणि जुन्यात पाणी शिरलेलं असलं तर तुमचा अख्खा दिवस जातो आणि कारण सापडत नाही.

बॉक्स घेताना एकच विचारायचं, एमपेग-४ आहे का. जुने एमपेग-२ चे बॉक्स अजून स्वस्तात गळ्यात मारतात, त्यावर काही चॅनल दिसतच नाहीत. आणि दुकानात जायच्या आधी घरातला टीव्ही नीट बघा. नवीन टीव्ही असेल तर माहितीपत्रकात डीव्हीबी-एस२ लिहिलंय का बघा, असेल तर बॉक्सच लागत नाही, डिशची वायर सरळ टीव्हीत. जुना डबा टीव्ही असेल तर मागं किंवा पुढं पिवळं-पांढरं-लाल अशी भोकं आहेत का बघा, असतील तर सोपं काम. आत्याच्या टीव्हीला पुढच्या झाकणाखाली होती, झाकण एवढी वर्षं कुणी उघडलंच नव्हतं, आत झुरळाची अंडी. आणि ती भोकं पण नसतील, नुसतं अँटेनाचं एकच भोक असेल तरी टीव्ही भंगारात घालू नका, आरएफ मॉड्युलेटर म्हणून एक छोटी डबी मिळते, ती बॉक्स आणि टीव्हीच्या मधी लावायची आणि टीव्हीवर ते एक चॅनल ट्यून करून ठेवायचं.

डिश कुठं आणि कुणीकडं

फ्री डिश येते जीसॅट-१५ या उपग्रहावरनं. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला, जवळपास छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर उभा आहे. कोल्हापुरातनं बघितलं तर तो आग्नेयेला, म्हणजे उत्तरेपासून मोजत १२९ अंशांवर आणि जमिनीपासून साठ अंश वर दिसतो. म्हणजे चांगलाच उंच आहे, आणि हे आपल्या पेठांसाठी लै चांगलं, कारण समोर घर असलं तरी चालतं. हिशोब सोपा आहे, समोरची भिंत जितक्या फुटांवर आहे त्याच्या पावणेदोनपट उंचीपर्यंत ती डिशला आडवी येत नाही. दहा फुटांवर भिंत असेल तर डिशपेक्षा सतरा फूट उंच असेपर्यंत काळजी नाही. झाडाचं मात्र वेगळं. आंब्या-फणसाच्या फांद्या आज आड येत नसतील पण दोन पावसाळ्यांनी येणार, आणि ओल्या पानांतनं सिग्नल येत नाही.

दिशा काढायला सगळे मोबाईलचा कंपास काढतात, मी पण तोच काढला आणि तिथंच माझे तीन तास गेले. आत्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड आहे, शेजारी पत्र्याची शेड, त्या लोखंडाजवळ कंपासची सुई भरकटते. मी आपला १२९ अंश १२९ अंश करत डिश भलतीकडं रोखून बसलेलो. शेवटी शेजारचे एक काका सांडगे उलटायला वर आले, त्यांना विचारलं पन्हाळा कुठं दिसतो हो, त्यांनी बोट दाखवलं, आणि डोक्यात उजेड पडला. पन्हाळा कोल्हापूर शहराच्या वायव्येला आहे, आणि आपल्याला हवीय आग्नेय. म्हणजे पन्हाळ्याकडं पाठ करून उभं राहायचं, तुमचं तोंड जिकडं आलं तिथनं जरा डावीकडं, झालं. शहरातल्या कुठल्याही उंच गच्चीवरनं हवा स्वच्छ असेल तर हे जमतं, लोखंड असो नसो. वडगाव, इचलकरंजीवाल्यांनी हा नेम वापरू नका, तुमचा पन्हाळा वेगळ्या कोनात येतो. तुम्ही लोखंडापासनं दहा-पंधरा फूट लांब जाऊन कंपास बघा, तिथनं समोरची एखादी खूण धरा, टाकी, झाड, टॉवर, काहीही, आणि मग डिशजवळ येऊन त्या खुणेकडं रोखा.

पाईप उभा आहे का हे आधी बघायचं. हे कुणी सांगत नाही आणि सगळा घोळ इथंच असतो. पाईप तिरका असला तर डिश डावी-उजवी फिरवताना ती नकळत वर-खाली पण होते आणि मग काही केल्या जमत नाही. गवंड्याचा ओळंबा असेल तर उत्तम, माझ्याकडं नव्हता म्हणून आत्याच्या कपाटाचं कुलूप दोऱ्याला बांधून लोंबकळत धरलं, दोन बाजूंनी बघितलं, पाईप एका बाजूला बोटभर झुकलेला निघाला. खाली फरशीचा तुकडा सारून सरळ केला.

आता डिश बघून एक शंका येईल, साठ अंश म्हणजे तोंड चांगलं आभाळाकडं पाहिजे आणि ही तर त्यामानानं बरीच उभी दिसते. बरोबर आहे, ही डिश ऑफसेट असते, एलएनबीचा दांडा खालनं आलेला असतो, त्यामुळं ती जिथं बघतेय असं वाटतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं पकडते. नुसत्या डोळ्याला तिचं तोंड जमिनीपासून पस्तीस-चाळीस अंश वर बघतंय असं दिसलं की सुरुवातीला ठीक. मागच्या क्लॅम्पवर अंशांचे आकडे असतील तर ६० वर लावा, ते आकडे बहुतेक वेळा हा फरक धरूनच छापलेले असतात.

एलएनबी बसवताना तो सरळ उभा बसवू नका. आपल्याकडनं उपग्रह आडबाजूला आहे त्यामुळं एलएनबी पिळावा लागतो, कोल्हापुरात जवळजवळ अठ्ठेचाळीस अंश, म्हणजे कमी नाही. डिशच्या मागं उभं राहून आभाळाकडं बघायचं आणि एलएनबी घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवायचा. वायरचं तोंड खाली सहाच्या जागी असतं ते साडेचारच्या आसपास येईपर्यंत. डिशच्या पुढं उभं राहिलात तर तेच साडेसातच्या जागी दिसतं, गोंधळू नका. ही फक्त सुरुवात, शेवटी मीटर बघून एकेक रेघ इकडं-तिकडं करायचं असतं.

वायर

वायर सोलायची तर बाहेरचं काळं आवरण काढा, आतली जाळी मागं दुमडा, पांढरा फोम काढा आणि मधली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडातनं दोन-तीन मिलीमीटर पुढं राहील अशी कापा. जाळीचा केसाएवढा एक धागा जरी मधल्या तारेला चिकटला तरी शॉर्ट. आणि हे सगळं बॉक्सची पिन काढून करायचं, कारण बॉक्स त्याच वायरीतनं एलएनबीला तेरा किंवा अठरा व्होल्ट पाठवत असतो, चालू असताना शॉर्ट झालं तर बॉक्सच जातो. एलएनबीपाशी वायरला खाली एक झोळ द्या म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरनं घसरत कनेक्टरमध्ये न जाता झोळाच्या तळाला टपकेल. टेप खालनं वर गुंडाळा, कौलं घातल्यासारखी, वरची घडी खालच्या घडीवर आली पाहिजे. जुनी चपटी अँटेनाची वायर आहे ती वापरू का असं विचारू नका.

आता खरी कसोटी

लहानपणी बाबा गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि मी खिडकीतनं ओरडायचो, आलं, गेलं, जरा डावीकडं, मुंग्या कमी झाल्या, बास बास! ॲनालॉगमध्ये ते जमायचं कारण चित्र हळूहळू सुधारायचं, मुंग्यांतनं माणूस दिसायला लागायचा, म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत हे कळायचं. डिजिटलमध्ये ही वाटच नाही. एक तर चित्र काचेसारखं स्वच्छ, नाहीतर निळा पडदा आणि "नो सिग्नल". तुम्ही एका अंशानं चुकलात की वीस अंशांनी हे पडदा सांगत नाही. त्यामुळं जुन्या सवयीनं डिश भसाभसा फिरवली तर बरोबर जागेवरनं तुम्ही पाच वेळा जाल आणि पाचही वेळा कळणार नाही, कारण बॉक्सला सिग्नल धरायला दोन-तीन सेकंद लागतात.

म्हणून टीव्ही शक्यतो गच्चीवरच आणा, छोटा असेल तर, नाहीतर खाली बसलेल्या माणसाबरोबर व्हिडिओ कॉल लावा आणि कॅमेरा टीव्हीवर धरायला सांगा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन सॅटेलाईट जीसॅट-१५ किंवा ९३.५ निवडा, जुन्या बॉक्सच्या यादीत तिथं इन्सॅट-४बी असेल तर तोच निवडा, आधी फ्री डिश तिथनंच यायची आणि जागा तीच आहे. एलएनबी युनिव्हर्सल, आकडे ९७५० आणि १०६००, पोलरायझेशन व्हर्टिकल. खाली दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी.

स्ट्रेंथकडं बघूच नका. परत सांगतो, बघूच नका. एलएनबीला वीज मिळाली आणि तो आभाळाकडं असला की स्ट्रेंथ सत्तर-ऐंशी दाखवतेच, डिश कुठंही असो. मी तीन तास ८५ स्ट्रेंथ बघून खूश होतो आणि क्वालिटी शून्य. वायर, कनेक्टर, बॉक्स ठीक आहे एवढंच ती पट्टी सांगते. आपलं काम क्वालिटीशी.

वर-खालचा नट एवढा घट्ट की डिश पडणार नाही पण जोर लावला की हलेल. मग डिश डावी-उजवी फिरवायची, अगदी गोगलगाईसारखी. एक हिशोब डोक्यात ठेवा, दोन फुटी डिशची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की डिश एक अंश फिरली, आणि तिकडं वर एक अंश म्हणजे सहाशे किलोमीटरपेक्षा जास्त. अर्धा सेंटीमीटर सरकवा, हात काढा, मनात एक दोन तीन चार म्हणा, पट्टी बघा, मग पुढं. डावीकडनं उजवीकडं पंधरा-वीस अंश झाले आणि काहीच नाही आलं तर डिश वरच्या बाजूला थोडी उचला आणि उलटं फिरत या. शेतात नांगर घालतात तसं, एक ओळ संपली की शेजारची ओळ.

क्वालिटी एकदम उडी मारते. शून्य, शून्य, शून्य, आणि खट्कन पस्तीस. तिथं ओरडायचं नाही, खालचे लोक पण ओरडणार, लक्ष देऊ नका. आधी स्कॅन करून नाव बघा, कारण ९५ अंशांवर दुसऱ्या एका कंपनीचा उपग्रह अगदी शेजारी आहे आणि कधीकधी तोच हाती लागतो. डीडीची चॅनल यादीत आली तर पत्ता बरोबर. मग डावी-उजवी थोडं, वर-खाली थोडं, शेवटी एलएनबी पिळून, क्वालिटी सगळ्यात जास्त कुठं येते ते शोधा. सत्तरच्या वर नेऊन ठेवा. चाळीसला पण चित्र स्वच्छच दिसतं, त्यावर भुलू नका, आज ऊन आहे.

नट आवळताना पण एक खोड आहे. एकच नट पूर्ण आवळला की डिश त्या बाजूला ओढली जाते, माझी क्वालिटी सत्तरवरनं चाळीसवर आली आणि परत पहिल्यापासनं. गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं समोरासमोरचे थोडे थोडे, आणि प्रत्येक वेळी पट्टीकडं नजर. झालं की पाईपवर आणि क्लॅम्पवर मार्करनं आडवी रेघ मारून ठेवा, उद्या वाऱ्यानं किंवा कुणाच्या धुण्याच्या दोरीनं डिश हलली तर रेघ जुळवली की काम झालं.

मग ऑटो स्कॅन, फ्री टू एअर निवडून. आत्याकडं पहिलं चित्र कुठलं आलं तर भोजपुरी गाणं, ती म्हणाली हे काय आणलंस? पुढं जात जात सह्याद्री लागलं तेव्हा कुठं चहा मिळाला.

लावल्यानंतरच्या भानगडी

पावसात जाणार. आषाढात आपल्याकडं जो धो धो लागतो त्यात कुठलीच डिश टिकत नाही, पैसेवाली असो नाहीतर फुकटची, कारण या लहरींना पावसाचा थेंब अडवतो. फरक एवढाच की क्वालिटी सत्तर असेल तर मोठ्या सरीत दहा मिनिटं जाईल आणि चाळीस असेल तर भुरभुर आली तरी जाईल. पाऊस थांबूनही आलं नाही तर मात्र कनेक्टर उघडून बघा, आत हिरवं पडलं असेल तर तो कापून नवीन लावा. डिश फिरवायला घेऊ नका, लोक पहिल्यांदा तेच करतात आणि चांगली लागलेली डिश बिघडवतात.

एप्रिल-मेमध्ये वळीव यायच्या वेळी ढग गडगडायला लागले की बॉक्सची पिन आणि डिशची वायर दोन्ही काढा. आणि नदीकाठच्या, पुराच्या पट्ट्यातल्या घरांनी बॉक्स आणि प्लगपॉइंट खाली टीव्हीच्या टेबलावर न ठेवता भिंतीवर जमेल तेवढा वर घ्या, २०१९ आणि २०२१ नंतर हे काय वेगळं सांगायला नको.

वर्षातनं दोनदा अजून एक प्रकार होतो आणि लोक मेकॅनिकला बोलावून पैसे घालवतात. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, चार-सहा दिवस, सकाळी अकराच्या सुमाराला काही मिनिटं चित्र फुटतं आणि आपोआप परत येतं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं आलेला असतो, एलएनबीत त्याचाच आवाज भरतो. काही करायचं नसतं. उलट याचा फायदा घ्या, त्या दिवसांत अकराला डिशवर कशाची सावली पडतेय ते बघा, ज्या फांदीची पडतेय ती फांदी तुमच्या सिग्नलच्या आड येतेय.

एक चॅनल अचानक गायब झालं म्हणून पण घाबरू नका. फ्री डिशवर खाजगी चॅनलना जागा लिलावात घ्यावी लागते, एप्रिलपासनं पुढच्या मार्चपर्यंत. २०२२ च्या एप्रिलला मोठ्या कंपन्यांनी आपली हिंदी मनोरंजनाची फुकट चॅनल एकाच वेळी काढून घेतली होती, तेव्हा घराघरात बॉक्स बिघडला म्हणून बोंब झालेली. मराठी चॅनलचं पण तसंच, आज आहे ते पुढच्या वर्षी असेल असं नाही. १ एप्रिलच्या आसपास एकदा परत स्कॅन मारायचा, नवीन आलेली दिसतात, गेलेली जातात.

आणि हा स्कॅन मारला की चॅनलचे नंबर कधीकधी सरकतात, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फार त्रासाचं होतं. आत्यासाठी मी तिची सहा चॅनल आवडत्या यादीत टाकली, नंबर जाड अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवले, आणि बॉक्सच्या रिमोटला लाल रबर बँड लावला, टीव्हीच्या रिमोटला पिवळा. लाल रिमोट चॅनलला, पिवळा आवाजाला. तरी परवा फोन आलाच, अरे काहीच दिसत नाही, निळं निळं आलंय. पिवळ्यावर कुठलं बटण दाबलंस म्हटलं, तर म्हणे मी नाही, मांजर बसलं होतं त्याच्यावर.